राहीची घंटा

विश्रामबाग, सांगली
२ डिसेंबर १९७३

ती. सौ. आक्का,

लालाचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र चुलीत घालायचं तुझ्या मनात आलं असणार. घातलं नाहीस, म्हणजे निम्मी लढाई मी जिंकलो. भाऊबिजेला तू मला ओवाळलं नाहीस, तबक तसंच उचलून आत नेलंस. ठीक. दाजी आता येत नाहीत हे धरून चाल, असं मी म्हणालो, ते तुझ्या भल्यासाठी म्हणालो आणि त्यावर आज पुन्हा भांडायचं नाही. आज राहीबद्दल लिहायचं आहे. तिची आई तू आहेस, त्यामुळे ऐकणं भाग आहे.

राही मजेत आहे. खोकला गेला. चौथीच्या वर्गात सगळ्यांत जास्त बडबड तिची, असं तिच्या बाई सांगतात. सदर बझारातल्या बायका तिच्यादेखत तुझ्या कपाळाकडे बघून कुजबुजायच्या, म्हणून तू तिला साताऱ्याहून माझ्याकडे धाडलीस. आली तेव्हा पोरगी दिवसदिवस तोंड उघडत नव्हती. आता तोंड मिटत नाही.

आमच्या नाटकमंडळीला तू मोठ्यांची भातुकली म्हणतेस. म्हण. पण एकही नाटक बघितलेलं नाहीस, म्हणून नियम सांगतो. पोरांनी मनाने रचलेल्या गोष्टी आम्ही मोठी माणसं करतो आणि पोराने सांगितली तश्शीच करतो. ज्याची गोष्ट, ते पोर रंगमंचाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसतं, हातात घंटा घेऊन. आम्ही काही चुकवलं, गाळलं, पदरचं घातलं, की ते घंटा वाजवतं. घंटा झाली की जिथे असू तिथे थांबायचं, काय चुकलं ते पोराला विचारायचं आणि ते सांगेल तिथून पुन्हा करायचं. भर प्रयोगात. ड्रॉइंग मास्तर म्हणून मी वर्गात दिवसभर पोरांच्या चुका काढतो. इथे ती माझ्या काढतात. फिटंफाट.

या वेळची गोष्ट राहीची आहे. एक लांब पायांचा माणूस होता. एक पाय साताऱ्याच्या किल्ल्यावर आणि दुसरा सांगलीच्या पुलावर, एवढा लांब. त्याच्या विजारीला गावातलं सगळं कापड लागायचं, म्हणून गावातली माणसं त्याच्यावर रागावलेली असायची. एकदा देशाच्या कुंपणाला भोक पडलं. त्यातून असा वारा सुटला की चुली विझल्या, तव्यावरच्या भाकरी उडून गेल्या, कुणाला जेवता येईना. मग भोक बुजवायला लांब पायांचा माणूस गेला.

तो माणूस करतोय बिराप्पा. जतचा धनगर. दुष्काळात मेंढरं गेली, तेव्हा इथे हळदीच्या वखारीत कामाला लागला. हात कायम पिवळे. पायांना बांबू बांधून असा चालतो की बघणाऱ्याला घेरी यावी. घंटाही त्याचीच आहे, त्याच्या एका मेंढीच्या गळ्यातली. नाटकात त्याची बायको झाली आहे शालूबाई कांबळे. दवाखान्यात नर्स आहे. रडायचं काम देऊ नका, दिवसभर तेच बघते, असं तिने आधीच बजावलंय.

प्रयोग सव्वीस जानेवारीला दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये. तू ये. गोष्टीचा शेवट लिहीत नाही. शेवट आधी फोडायचा नाही, असाही आमचा नियम आहे. हा नियम जरा नवा आहे.

तुझा लाला


सांगली
१६ डिसेंबर १९७३

ती. सौ. आक्का,

तुझे थोरले दीर हंबीरराव गुळाच्या सौद्याला सांगलीत आले होते. सहज म्हणून तालमीला डोकावले. सहज डोकावणारा माणूस दारात उभा राहून शेवटपर्यंत बघत नाही, पण असो. त्यांनी तुला काय सांगितलं ते राहीला आलेल्या तुझ्या पत्रावरून कळलं. ते मी चोरून वाचलं नाही, तिनेच मला मोठ्याने वाचून दाखवलं. 'मामाला सांग, तुझ्या बापाला नाटकाच्या फळ्यांवर मारायचा न्हाई. हे नाटक थांबलं न्हाई तर मी सव्वीस तारखेला येऊन तुला कायमची घेऊन जाईन.' वाचून झाल्यावर तिने पत्राची घडी घातली आणि मला विचारलं, "मामा, नाटकात मरतंय कोण?"

कुणीच मरत नाही, आक्का. तेवढं तरी हंबीररावांनी नीट सांगायचं होतं. लांब माणूस भोकात हात घालतो, तर वारा बोटांच्या फटीतून येतो. पाय घालतो, तर बाजूने येतो. शेवटी तो पाठ लावून उभा राहतो आणि वारा थांबतो. पण हलला की पुन्हा सुटणार, म्हणून तो तिथेच उभा राहतो. घरी येत नाही. राहीने आतापर्यंत सांगितलंय ते एवढंच.

ही गोष्ट दाजींची नाही, असं मी इथे लिहिलं होतं. वर खोडलेली ओळ तीच आहे. जोतीराम दाजी लढाईला गेले तेव्हा राही सात वर्षांची होती. बेपत्ता अशी तार आली, तीही तिने ऐकली. गेल्या वर्षी कैदी सुटून आले, तेव्हा तू तिला दारात उभी करून रस्त्याकडे बघायला लावलंस. मग पोर गोष्ट कशाची रचणार, राजाराणीची?

गोष्टीतली बायको रोज संध्याकाळी नवऱ्याचं ताट वाढते, त्यावर दुसरं ताट पालथं घालते आणि भिंतीला टेकून बसते. हे मी घातलेलं नाही. तू रोज दाजींचं ताट वाढून बसतेस, मग केव्हातरी गार भाकरी तोंडात टाकतेस, कधी तीही टाकत नाहीस. मी हे भाऊबिजेला एक दिवस बघितलं आणि मला राग आला. तिने तुझ्याकडे होती तोवर रोज बघितलंय.

तिला नेऊ नकोस. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. हवं तर शेवटाचं बघतो मी काहीतरी.

तुझा लाला


सांगली
३० डिसेंबर १९७३

ती. सौ. आक्का,

तू जिंकलीस असं लिहायला बसलो होतो. पण तू जिंकली नाहीस, मीही नाही. घरात सध्या राहीचं राज्य आहे आणि प्रजेला बोलायची बंदी आहे.

तुझ्यासाठी मी शेवट बदलला. लांब माणूस भोकात एक मोठा धोंडा बसवतो आणि टांगा टाकत घरी येतो, बायको ताट पुढे करते, संपलं. मंडळींना पटलं नाही. शालूबाई म्हणाली, "सर, धोंडाच बसत होता तर एवढा लांब माणूस कशाला पाठवला? गावातला कुणीबी गेला असता." तिला गप्प केलं. बिराप्पाने बांबू बांधले, धोंडा बसवला, वळला, आणि पहिलं पाऊल टाकतोय तोच घंटा.

"काय चुकलं, राही?" नियमाप्रमाणे विचारावं लागतं.

"त्यो येत न्हाई."

"येऊ दे की गं. आईला बरं वाटेल."

"त्यो आला तर वारा येतोय मामा. समद्यांच्या भाकरी उडत्यात. त्यो येत न्हाई. मग ती..."

मी पुढचं ऐकून घेतलं नाही. आधीच डोकं तापलेलं, त्यात पंधरा दिवस तुझं पत्र खिशात. मी म्हणालो, पुन्हा करा. पुन्हा घंटा. तिसऱ्यांदाही घंटा. मग मी जाऊन तिच्या हातातून घंटा काढून घेतली.

बिराप्पा वर बांबूंवरून म्हणाला, "मास्तर, मेंढीच्या गळ्यातली घंटा काढली की मेंढी चुकती. धनगर सुदीक चुकतो." मी त्याला म्हणालो, तू तुझे पाय सांभाळ.

त्या दिवसापासून राही माझ्याशी बोलत नाही. तुझ्या भावजयीशी बोलते, मांजराशी बोलते. माझ्या अंगावरून अशी जाते की मी भिंत आहे. अबोला आपल्या घराण्यातच आहे म्हणा. पण मला भीती वाटते, आक्का. साताऱ्याहून आली तेव्हा ती अशीच गप्प होती.

तुझी राहीला न्यायला यायची तयारी चालली आहे, असं कळलं. अजून ठरवू नकोस.

लाला


सांगली
संक्रांत, १४ जानेवारी १९७४

ती. सौ. आक्का,

सोबत तिळगूळ. गोड बोलू नकोस, पण बोल.

आज तिथे घरोघरी हळदीकुंकू असेल. कुणी तुला बोलावलं नाही तर हे पत्र वाचत बस आणि मला शिव्या घाल, वेळ बरा जाईल. पाकिटावर मी सौ. लिहितो ते तुला खूश करायला लिहीत नाही. ते पुसायचा अधिकार माझ्याकडे नाही, एवढं मला भाऊबिजेनंतर कळलं आहे.

घंटा राहीला परत दिली. तिने घेतली, पदकासारखी गळ्यात अडकवली आणि अबोला चालू ठेवला.

शेवटाची तोड काढली आहे. लांब माणूस पाठ लावून उभा राहतो. इकडे बायको झाकलेल्या ताटाशी बसलेली. वाऱ्यासाठी हलवत असलेला पत्रा थांबतो आणि हळूहळू दिवे कमी होतात. अंधार. पडदा. तो येतो असं म्हणायचं नाही, येत नाही असंही म्हणायचं नाही. तुला हवं ते तू धर, राहीला हवं ते राही धरेल. प्रेक्षक मुकाट बसून राहतील आणि मग टाळ्या पडतील. इतकी वर्षं नाटक केलंय, पडदा कुठे टाकायचा ते मला कळतं.

हा शेवट राहीसमोर करून बघितलेला नाही. तिच्या तालमी पाठ लावण्यापर्यंतच घेतो. ती रोज स्टुलावरून उतरताना शालूबाईला सांगते, "अजून हाय." शालूबाईने मला सांगितलं. मला वाटतं, तिला तो येत नाही हे मोठ्याने म्हणवून घ्यायचं असेल. तेच मला नको आहे. बिराप्पा म्हणतो, पोरीला इचारा. पण पोरगी माझ्याशी बोलेल तर ना.

राहीचं पत्र मिळाल्यावर तू तिला लिहिलंस की सव्वीसला नक्की येते, कपडे भरून ठेव. तिने स्वतःच ट्रंक भरली. तुझी आज्ञा ती पाळते, एवढं लक्षात घे. मी तिला अडवणार नाही आणि तुलाही नाही. फक्त आधी नाटक बघ. शेवटपर्यंत बघ.

तुझा लाला


सांगली
२७ जानेवारी १९७४

ती. सौ. आक्का,

शेवटपर्यंत बघ म्हणालो होतो, आणि तू नेमकी शेवटाला उठलीस.

मी विंगेतून बघत होतो. तू दाराजवळच्या बाकावर बसली होतीस, पदर डोक्यावरून घेऊन, पिशवी मांडीवर. विजारीच्या कापडावर पोरं हसली तेव्हा तूही जरा हसलीस, खोटं सांगू नकोस. बिराप्पाने भोकात पाठ लावली, पत्रा थांबला, शालूबाई ताटाशी बसली. दिवे उतरायला लागले आणि तू उभी राहिलीस. बाक करकरला. दार उघडून तू गेलीस. प्रयोग सोडून तुझ्यामागे धावायचं की काय, ते ठरेना, आणि तेवढ्यात घंटा वाजली.

तिथून पुढचं तुला माहीत नाही. म्हणून हे पत्र.

हॉलमध्ये जवळजवळ अंधार होता आणि त्यात ती घंटा. दिवेवाल्याने दिवे पुन्हा चढवले. टाळ्या सुरू होत होत्या, त्या थांबल्या. नियमाप्रमाणे मी रंगमंचावर गेलो. वाटलं, आता ही सगळ्यांसमोर म्हणणार की माझा बाप येत नाही.

"काय चुकलं, राही?"

जवळजवळ महिन्याने ती माझ्याशी बोलली. "मामा, संपली न्हाई अजून. ती जेवली न्हाई."

मला कळलंच नाही. "कोण?"

"ती. त्याची बायको. ताट तसंच हाय की." मग ती स्टुलावरून उतरली, बिराप्पापाशी गेली आणि मान वर करून त्याला समजावू लागली, जणू त्याचंच चुकलं होतं. "तू पाठ तिकडं लावलीयास. तोंड हिकडंच हाय की तुझं. तुला समदी घरं दिसत्यात, समद्यांच्या चुली दिसत्यात. समदी जेवत्यात. हिचंच ताट झाकल्यालं हाय. मग तू वरडून म्हणतोस, आगं, मी वारा कशापायी आडवलाय? भाकरी गरम हाय तवर जेव की."

आक्का, तीन महिने मी आणि तू तो येतो का येत नाही यावर भांडत होतो. राहीचं ते केव्हाच ठरलेलं होतं, तिच्या गोष्टीत तो प्रश्नच नव्हता. तिचा प्रश्न ताटाचा होता. तालमीत 'मग ती' म्हणाली, तेव्हा ती हेच सांगत होती. आणि मी पडदा कुठे टाकायचा त्याचा हिशोब करत बसलो होतो.

बिराप्पाला पाठांतर नव्हतं, तो तिच्यामागून एकेक शब्द म्हणाला. आधी हळू, मग खरंच ओरडून. "आगं, मी वारा कशापायी आडवलाय?" जतच्या माळावर मेंढरांना हाक मारणारा आवाज. हॉल भरून गेला.

शालूबाईने वरचं ताट काढलं, भाकरी उचलून तोंडाशी नेली. घंटा. "ती पुठ्ठ्याची हाय. खरी खा."

आता खरी भाकरी आणायची कुठून? बिराप्पा वरून म्हणाला, "माझ्या डब्यात हाय." विंगेत त्याचा डबा होता, मी आणून दिला. ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी. शालूबाई खाली बसली आणि जेवू लागली. हे काही नाटकातलं खाणं नव्हतं. ती सकाळपासून दवाखान्यात उभी होती, तिला भूक होती. घास चावत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. रडायचं काम नको म्हणणारी बाई. मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "चटणी तिखट होती सर."

ती जेवेपर्यंत हॉल बसून राहिला. बिराप्पाचे बांबू थरथरत होते, मी खुणेने उतर म्हटलं, तर त्याने मान हलवली. तो हलला असता तर वारा आला असता. शेवटचा घास झाला, शालूबाईने ताटात हात धुतला, तेव्हा राही म्हणाली, "संपली," आणि घंटा स्टुलावर ठेवून दिली.

मी धावत स्टँडवर गेलो. साताऱ्याची गाडी सुटली होती.

तू तिला न्यायला आली होतीस आणि न घेताच गेलीस. ट्रंक दारातच आहे. ती उघडत नाही आणि कुणाला उघडू देत नाही, आईने सांगितलंय म्हणते. ये आणि घेऊन जा, मी आडवा येणार नाही. माझ्या मनाचं विचारशील तर ती गेली तर हे घर मला खायला उठेल. पण पोर तुझं आहे.

दाजी येतील की नाही यावर मी पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. ते तुझं तू बघ. पण कालपासून राही मला एकच विचारते, काल संध्याकाळी विचारलं, आज सकाळीही विचारलं. "मामा, आई जेवली असंल का?" मला उत्तर येत नाही. तुला येतं.

तुझा लाला


सातारा
३१ जानेवारी

चि. लालास आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. शेजारच्या मास्तरणीकडून एकदा वाचून घेतलं, मग माझी मी अक्षर लावत वाचलं.

हे येणार हायत. माझं कुंकू हाय तिथं राहील आन ताट वाढायचं मी सोडणार न्हाई. ह्यावर तू न्हाई, हंबीररावभावजींनी न्हाई, कुणी बोलायचं न्हाई. बोललास तर पुढच्या भाऊबिजेला बी ओवाळणार न्हाई. न बोललास तर ये.

ट्रंक उघडून राहीचे कपडे काढून ठेव, दमटानं वास येतो. शाळा मधेच मोडू नको. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी येऊन नेईन.

बिराप्पाला सांग, त्याचा डबा मी भरून देईन कधीतरी.

राहीला वाचून दाखव. काल ह्यांचं ताट वाढलं, झाकलं. मग त्याच्या शेजारी माझं वाढून घेतलं आन बसले. भाकरी गरम होती.

आक्का